न दाखवलेला कागद

काकूंचा फोन आला तेव्हा मी मुलीला शाळेत सोडून सिग्नलला उभा होतो. गुरुवार होता, सकाळचे पावणेआठ. "संतोष, काका गॅरेजमध्ये आहेत. स्टुलावरून खाली आलेत आणि उठत नाहीत. अँब्युलन्सला फोन केलाय. तू येतोस का?" काकूंचा आवाज इतका सरळ होता की मला वाटलं, पाय मुरगळला असेल, कंबर धरली असेल. "येतो" म्हणालो आणि यू-टर्न घेतला. रस्ताभर मी ऑफिसच्या नऊच्या मीटिंगला कळवायला हवं एवढाच विचार करत होतो... पोचलो तेव्हा अँब्युलन्स दारात होती, तिचे दिवे फिरत होते आणि कुणालाच कसली घाई नव्हती. ती घाई नसणं बघून मला कळलं. एक तरुण पॅरामेडिक काकूंसमोर वाकून म्हणत होता, "ही डिडन्ट फील एनीथिंग, मॅम." काकू चाळीस वर्षं या देशात आहेत, त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. तरी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय म्हणतोय तो?" मी म्हणालो, "काकांना काही कळलं नाही म्हणतोय." त्यांनी मान हलवली, जणू एखादा निरोप पोचला.

त्या सकाळी मी काय केलं ते लिहायला संकोच वाटतो. काकांच्या बाकावर तराजू तसाच होता, त्याच्या छोट्या ताटलीत बंदुकीची दारू मोजलेली होती आणि शेजारी डब्याचं झाकण उघडं होतं. मी ताटली उचलली, दारू डब्यात परत ओतली, झाकण घट्ट लावलं आणि डबा कपाटात ठेवला. काकांचा नियम होता, दारू उघडी सोडून बाकावरून उठायचं नाही. ते स्वतः तीन फुटांवर चादरीखाली होते आणि मी त्यांचा नियम पाळत होतो. रडू आलंच नाही. आज पाच आठवडे झाले, अजूनही नीट आलेलं नाही.

मधुकाका मूळचे इचलकरंजीचे. आयटीआयमधून फिटर झालेले, बहिणीच्या मागोमाग टेक्सासला आले आणि विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात निवृत्त होईपर्यंत राहिले. भाग बनवायचे दुसऱ्यांनी, मोजायचे काकांनी. इथे अर्विंगच्या मराठी मंडळात आम्ही सगळे कॉम्प्युटरवाले. आमच्यात हाताला तेलाचा वास असलेला हा एकच माणूस, आणि त्यातून वर्षाला एक हरीण मारणारा. त्यामुळे मंडळात त्यांना मागे 'बंदूकवाले काका' म्हणत. शैलाकाकू शुद्ध शाकाहारी. शिकारीचं मांस कारखान्यातले मित्र वाटून घेत, घरात त्याचा तुकडा कधी आला नाही, आणि तरीही काकूंनी चाळीस वर्षं ऐकवणं सोडलं नाही. "लोकांचे नवरे निवृत्त झाल्यावर बाग करतात, माझा काडतुसं भरतो."

माझी त्यांची ओळख निरांजनांमुळे झाली. आठ वर्षांपूर्वी आम्ही नवीन होतो. मंडळाच्या गणपतीची पितळेची भांडी काळी पडली होती, ती काकांनी "द्या इकडे, मी करतो" म्हणून घरी नेली. परत आली तेव्हा निरांजनं अशी झळकत होती की बायका फोटो काढायला लागल्या. कुणीतरी विचारलं, "काका, चिंच लावली की लिंबू?" काकांनी खरं सांगून टाकलं. काडतुसांच्या पितळी पुंगळ्या साफ करायचं त्यांचं एक थरथरणारं यंत्र होतं. त्यात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा नवा कोरा भरडा घालून त्यांनी निरांजनं तीन तास फिरवली होती. फोटो काढणाऱ्या बायकांनी फोन खाली केले. मग जोशीकाकू म्हणाल्या, "अहो, बंदुकीच्या मशीनमध्ये देवाची भांडी?" काका म्हणाले, "यंत्र आधी साबणानं धुतलं, वहिनी. आणि पितळ ते पितळ. आपण कशाचं आहोत ते त्याला कुठे माहीत असतं!" शैलाकाकूंनी कपाळावर हात मारला. "मी बोलले होते, सांगू नका म्हणून." त्या वर्षी आरतीला ती निरांजनं वापरावीत की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी वापरली गेली, कारण दुसरी नव्हती. मी एकटाच काकांजवळ जाऊन विचारलं, "काका, ते मशीन बघायला मिळेल का?"

मी मेहकरचा. वडिलांचं एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे मी कुठेही गेलो की आपण इथले नाही असं मला वाटायचं. काकांच्या गॅरेजमध्ये तसं वाटलं नाही. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधणारे माझे वडील आणि काडतूस उजेडात धरून बघणारे काका यांची मान एकाच कोनात वाकायची. मी सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून लिहून देतो, असं सांगितल्यावर काका खूश झाले. "म्हणजे तू माझ्याच जातीचा की मर्दा! चुका शोधायचा पगार घेतोस." पुढे मी दर रविवारी जाऊ लागलो. पहिल्यांदा घरी बायकोला "काकांकडे दारू मोजायला चाललोय" असं सांगितलं तेव्हा जे झालं ते इथे सांगत नाही. तिला गॅरेज दाखवायला न्यावं लागलं एवढंच सांगतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुकानातलं तयार काडतूस कुठल्याही बंदुकीत चालेल असं सरासरी मापाचं असतं. पण प्रत्येक बंदुकीची नळी वेगळी असते, तिला नेमकं काय मानवतं ते शोधावं लागतं. म्हणून काही लोक वापरलेल्या पुंगळ्या साफ करून, परत मापात आणून, दारू स्वतः मोजून काडतुसं घरी भरतात. मग शंभर यार्डांवर कागद लावायचा, पाच गोळ्या मारायच्या आणि पाच भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली ते मोजायचं. याला इंग्रजीत ग्रुप म्हणतात. काका झुबका म्हणत. "आज झुबका घट्ट आला", "झुबका पसरला". मोगऱ्याचा म्हणावा तसा. आडवा पसरला तर वारा, उभा पसरला तर दारू कमीजास्त, नळी बंदुकीच्या लाकडी दस्त्याला टेकतेय किंवा मारणाऱ्याचा श्वास, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, मग चाप.

दोन गोष्टींवर ते चिडत. एका वेळी दोन बदल केले की, आणि 'असेल' म्हटलं की. मी वहीत आकडे लिहायचो. काकांनी विचारलं, "किती?" आणि मी म्हणालो, "सव्वा इंच असेल," की मोजायचा व्हर्नियर माझ्यापुढे सरकायचा. "असेल नको, आहे सांग." त्या वहीत प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक रकाना होता, 'मोजणारा'. कारखान्यातली सवय. मोजणाऱ्याची सही नसेल तर मापाला अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक ठिकाणी 'म.' असं लिहिलेलं असायचं. कधीमधी 'संतोष'. तिथे पहिल्यांदा माझं नाव आलं त्या दिवशी मला डिग्री मिळाल्यावर झाला होता तेवढा आनंद झाला होता.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. हरीण काही पाव इंचाचं नसतं. काकांनी व्हर्नियर खाली ठेवला. म्हणाले, पहिल्या वर्षी कारखान्यातल्या मित्रांबरोबर गेले तेव्हा दुकानातली काडतुसं घेऊन, नीट न तपासता मारलं होतं. हरणाला लागलं आणि ते पळालं. दोन दिवस शोधलं, गवतावर रक्त दिसायचं, हरीण दिसलं नाही. "तिसऱ्या दिवशी कामावर गेलो मर्दा. पण ते कुठंतरी पडून होतं ना अजून. झुबका फुशारकीसाठी नाही. जनावराला कळायच्या आत संपलं पाहिजे. तेवढं जमत नसेल तर हात लावू नये." पॅरामेडिकचं वाक्य मी काकूंना मराठीत सांगत होतो, तेव्हा हेच शब्द माझ्या डोक्यात चालू होते.

त्यांचं माझ्यावरचं ऋण मोठं आहे. पाच वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. व्हिसावर असल्यामुळे दुसरी मिळवायला साठ दिवस, नाही तर सामान बांधायचं. मी घाबरून सगळंच बदलायला लागलो. बायोडेटा, फोनवर बोलायची पद्धत, शर्ट, अगदी नावाचं स्पेलिंगसुद्धा. काका म्हणाले, "रोज सकाळी नऊला गॅरेजमध्ये ये. घरी बसू नकोस." त्यांनी माझ्यासाठी नवी वही उघडली. एका वेळी एक बदल, प्रत्येक बदलानंतर पाच अर्ज, काय उत्तर आलं त्याची नोंद. "तू बंदूक आहेस असं समज. दोष सगळीकडे नसतो, एका ठिकाणी असतो." दोष निघाला तो एवढाच की मुलाखतीत मी 'मी केलं' न म्हणता 'आम्ही केलं' म्हणायचो. मेहकरला मी मी करणाऱ्याला शहाणा समजत नाहीत. ते एक वाक्य बदललं आणि चौथ्या मुलाखतीत काम झालं. ती बातमी मी वडिलांच्या आधी काकांना दिली. काकांनी वहीत लिहिलं, 'दोष सापडला. मोजणारा: म.'

त्यांनी मला बंदुकीला मात्र तीन वर्षं हात लावू दिला नाही. व्हिसावरच्या माणसाला शिकारीचं लायसन्स असल्याशिवाय बंदूक हातात घेता येत नाही, हे त्यांनीच वाचून काढलं होतं. मी कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स आणून दाखवलं, तेव्हा हसले. "हां. आधी हा कागद, मग तो कागद." हरणावर मी आजवर गोळी झाडलेली नाही आणि झाडणारही नाही. पण कागदावर पाच भोकं जवळजवळ पडली की पुढे दिवसभर शांत वाटायचं.

या वर्षी ऑगस्टमध्ये काकांच्या जुन्या रायफलचा झुबका पसरायला लागला. वीस वर्षं सव्वा इंचाच्या आत राहिलेला झुबका तीन इंच, साडेतीन इंच. तोही उभा, शिडीसारखा. हरणाच्या शिकारीचा सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो. काका शांतपणे कामाला लागले. पहिला संशय दारूच्या मापावर. तराजूला एसीचा वारा लागतो का म्हणून बाकाभोवती पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या राहिल्या. फरक नाही. मग पुंगळ्या, अनेकदा भरून पितळ कडक होतं म्हणून. नव्या कोऱ्या आणल्या. फरक नाही. मग बंदुकीवरची दुर्बीण, तिचे स्क्रू, मग दुसरीच दुर्बीण. मग नळी आतून इतकी साफ केली की काकू म्हणाल्या, "माझी कढई अशी घासली असती तर!" मग लाकडी दस्ता. पावसानं लाकूड फुगून नळीला टेकतं का ते बघायला दोघांच्या मधून कागदाची पट्टी सरकवून पाहतात. काकांची पट्टी म्हणजे माझ्या लग्नाची उरलेली पत्रिका, मीच आणून दिलेली, उभी कापलेली. जाड कागद, मापात बरोबर बसायचा. पट्टी टोकापासून मुळापर्यंत अलगद सरकली. तिच्यावर 'आगत्याचे निमंत्र' एवढीच अक्षरं उरली होती. काका म्हणाले, "तुझं लग्न कुठं अडकत नाही बघ." आम्ही हसलो. ऑक्टोबर निम्मा संपला होता.

त्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जाताना ते गाडीत फारसे बोलले नाहीत. त्यांच्या पाच गोळ्या झाल्या. मग अचानक उठले, जागा रिकामी केली आणि म्हणाले, "आता तू मार. हीच काडतुसं, हीच बंदूक. दुसरा कागद तुझा." मी म्हणालो, "काका, मी कशाला? आणखी थोड्या तुम्हीच मारा." ते म्हणाले, "संतोषराव, बस." चिडले की ते राव म्हणत. मी बसलो. वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवली, श्वास अर्धा सोडला, थांबलो... पाच वेळा. दुर्बिणीतून मध्ये बघायचं नाही, कागद हातात आल्यावरच बघायचं, हा नियम होता. मग रेंजमास्तरनं सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि कागद आणायची वेळ झाली. काका नेहमी स्वतः जायचे. त्या दिवशी बाकावर टेकून म्हणाले, "तू आण दोन्ही. मी जरा बसतो."

शंभर यार्ड चालत गेलो. काकांच्या कागदावर शिडी होती, साडेतीन इंचांची. माझ्या कागदावर पाच भोकं होती आणि ती पाचही एका रुपयाच्या जुन्या नाण्याखाली झाकली गेली असती.

मी तिथे उभा राहिलो. याचा अर्थ काय हे मला कळलं होतं. मी चुका शोधायचा पगार घेतो. दारू नाही, पुंगळी नाही, दुर्बीण नाही, दस्ता नाही, तर उरलं कोण? पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की ज्या माणसानं मला चाप ओढायला शिकवलं, त्याच्या पुढ्यात मी हा कागद ठेवणार आणि सांगणार, काका, बंदूक चांगली आहे, तुमचा हात गेला. मोठ्या माणसाची चूक त्याच्यासमोर काढायची नसते, हे मी शाळेत जाण्याआधी शिकलो होतो. मेहकरच्या शाळेत फळ्यावरची बेरीज चुकली तरी आम्ही वहीत ती तशीच उतरवून घेत असू. मला वाटलं, सीझन दोन आठवड्यांवर आलाय, म्हाताऱ्या माणसाचा वर्षाचा एक आनंद. मी माझा कागद घडी करून जॅकेटच्या आतल्या खिशात घातला.

"माझा काढताना फाटला, काका," मी म्हणालो. "पण बघितला मी. तुमच्यासारखाच. उभा पसरलाय."

"किती?"

"चार इंच असेल."

मी वाट बघत होतो की ते म्हणतील, असेल नको. ते म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघितलं, मग खाली वाळूच्या पिशवीकडे. "चार का," म्हणाले. मग त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला वाटलं, बरं केलं आपण. परतताना ते गाडीत गप्पा मारत होते. "नळीच गेली असणार मर्दा. वीस वर्षं झाली, झिजली. पुढच्या वर्षी नवीन बसवू." उतरताना पाठीवर थाप मारली. ती आमची शेवटची भेट. अकरा दिवसांनी, सीझन उघडायच्या दोन दिवस आधी, काकूंचा फोन आला.

काकांचे दिवस झाले. त्यांची मुलगी अनघा नेपरव्हिलहून आली होती, ती परत जायच्या आधी गॅरेज आवरू या म्हणाली. दारूचे डबे घरात ठेवणं बरं नव्हतं, ते काकांच्या एका जुन्या मित्राला द्यायचे होते. मी बाकाखालची वही काढली तशी अनघा म्हणाली, "ही नेव्हर लेट मी टच दॅट." मग म्हणाली, "यू रीड इट. मला बाबांचं अक्षर लागत नाही." आणि खोकी आणायला आत गेली. वहीत खूण म्हणून माझ्या पत्रिकेची पट्टी होती. मी ते पान उघडलं.

रविवारच्या आदल्या दिवशीची नोंद अशी होती. मी जशीच्या तशी उतरवतो. 'दारू नाही. पुंगळी नाही. दुर्बीण नाही. दस्ता नाही. नळी आतून चांगली दिसते. उरलो मी. गाडीतून सामान काढताना दम लागतो, शैला म्हणते ते खरं आहे. उद्या संतोषच्या हातून मारून पाहणे. त्याचा झुबका जमला तर दोष माझ्यात. डॉक्टर, सोमवार साडेदहा, वेळ घेतली आहे.'

त्याखाली रविवारची. 'संतोषचाही पसरला. चार इंच. म्हणजे नळीच. सोमवार कॅन्सल केला. सीझननंतर बघू. मोजणारा: संतोष.'

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. त्यांनी 'असेल' लिहिलं नव्हतं. मी म्हटलेलं 'असेल' त्यांनी काढून टाकलं होतं, कारण मोजणारा मी होतो आणि माझ्या मापावर त्यांचा विश्वास होता. त्या रविवारी बंदूक तपासली जात नव्हती. काका स्वतःला तपासत होते आणि त्यांनी व्हर्नियर माझ्या हातात दिला होता. सोमवारी डॉक्टरांनी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं आणि गुरुवार तसाच आला असता. हे मी स्वतःला रोज सांगतो. पण त्या साडेदहाला ते कुणासमोर तरी बसले असते... ते बसले नाहीत, आणि का बसले नाहीत ते त्यांच्या अक्षरात, माझ्या सहीनं लिहिलेलं आहे.

जॅकेट माझ्या अंगावरच होतं. आतल्या खिशात घडी तशीच होती. ती घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. काकू डाळ निवडत होत्या. अमेरिकेत डाळीत खडे नसतात, तरी त्या निवडतात. मी वही त्यांच्यापुढे ठेवली, शेजारी तो कागद उलगडून ठेवला आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. काकूंनी चष्मा लावून दोन्ही नोंदी वाचल्या. कागदावरच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"मी तीन महिने सांगत होते, दम लागतोय, दाखवा," त्या म्हणाल्या. "माझं ऐकलं नाही त्यांनी."

त्यांनी कागदाची घडी तळव्यानं सपाट केली.

"तुझ्या कागदाचं ऐकलं असतं," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. मला वाटतं, राग असता तर बरं झालं असतं. त्या डाळीचं ताट बाजूला करून उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, आता त्या परत यायच्या नाहीत, मी निघावं. तेवढ्यात त्या आल्या. हातात अनघाच्या मुलाची ग्लू स्टिक होती. "चिकटव त्या पानावर. अर्धवट वही त्यांना चालायची नाही."

आम्ही गॅरेजमध्ये आलो. बाक रिकामा होता, तराजूभोवतीच्या पुठ्ठ्याच्या भिंती मात्र अजून उभ्या होत्या, कुणाला काढवल्या नव्हत्या. मी कागद पानावर चिकटवला. काकांचा व्हर्नियर डब्यातून काढला, शून्यावर आणून तपासला, आणि सगळ्यात लांबच्या दोन भोकांना लावला, मध्यापासून मध्यापर्यंत. दोनदा मोजलं. मग त्यांच्या ओळीखाली तारीख घालून लिहायला घेतलं, आणि पेन थांबलं.

काकू स्टुलाजवळ उभ्या होत्या. स्टुलावर बसल्या नव्हत्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पाऊण इंच."

"असेल?"

"आहे, काकू," मी म्हणालो, आणि 'मोजणारा' या रकान्यात माझं नाव लिहिलं.